तीन किलोवॅट आणि एक गोधडी

अनुमान

सोलर परवडतं की नाही, हे मला विचारा! बडोद्याच्या अख्ख्या तरसालीत या विषयाचा माझ्याइतका अभ्यास झालेला माणूस सापडणार नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. मुलांना कुठलीही गोष्ट नुसती सांगितली नाही, करून दाखवली. हवेला दाब असतो हे दाखवताना उलटा धरलेला पेला मुख्याध्यापकांच्या कोटावर रिकामा झाला, तरी प्रयोग पुरा केला! तेव्हा घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पॅनल बसवावेत की नाही, हाही निर्णय मी प्रयोगवहीच्या पद्धतीनेच घेतला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

अनुमान शेवटी लिहितात, मला माहीत आहे. पण आमचे शेजारी फत्तेसिंहराव घाईत आहेत. त्यांनाही पॅनल बसवायचे आहेत. रोज कंपाउंडच्या भिंतीवरून विचारतात, "मास्तर, लांबण नको. एका शब्दात सांगा ने, परवडतं का?"

म्हणून त्यांच्यासाठी अनुमान आधीच देतो :

घराला सोलर ..............

शब्द अजून सुचलेला नाही. जागा सोडली आहे. तोवर पुढचं वाचा, फत्तेसिंहराव!

उद्देश

विजेचं बिल कमी करणे.

(मोहनाचा शेरा : खोटं. खरा उद्देश लिहा.)

मोहना ही माझी बायको. मी लिहिलेलं सगळं वाचते आणि समासात पेन्सिलीने शेरे मारते. शिक्षक मी, तपासणार ती!

बरं. खरा उद्देश.

आमची एकुलती एक मुलगी नीरजा लग्न होऊन ब्रिस्बेनला गेली. तिथे सूर्य आमच्या आधी उगवतो. म्हणजे तिने वापरून झालेला सूर्य मग आमच्याकडे येतो. मी रोज सकाळी धाब्यावर उभा राहून त्याच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, हा आत्ताच तिच्या खिडकीवरून निघून आलेला दिसतोय. काही निरोप आहे का रे? निरोप नसायचा. खालून मोहना ओरडायची, "अहो, दूध उतू गेलं!"

सुरुवातीला नीरजाचा फोन रोज यायचा. "आई, आमटीला गूळ आधी की नंतर?" "बाबा, नळाचा वॉशर कसा बदलतात?" पुढे तिला आमटी जमायला लागली. तिकडचे नळ गळत नाहीत. फोन रविवारवर आला. मग रविवारही एकाआड एक झाला. मग नुसतंच रोज सकाळी मोबाइलवर एक गुलाबाचं फूल. शुभ प्रभात! मी त्या फुलाकडे बराच वेळ बघायचो. तेच फूल मला पेन्शनरांच्या ग्रुपवरही आलेलं असायचं!

आपण फोन करावा, तर ती दबक्या आवाजात विचारायची, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

अर्जंट काय असणार? घरात दोन माणसं आणि वरणभात. "नाही गं, सहज," असं म्हणून मी ठेवून द्यायचो. 'सहज' या शब्दाला ब्रिस्बेनमध्ये काही किंमत नाही.

आणि मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, तुम्ही सोलर का नाही बसवत? आम्ही बसवलंय."

"परवडेल का?" मी विचारलं.

बस! एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन! ऑफिसातून घरी जाताना, बसमधून. "बाबा, आपल्या धाब्याची दक्षिण बाजू मोकळी आहे ना?" तिसऱ्या दिवशी पुन्हा! "बाबा, मागचं बिल बघून सांगा बरं." जणू कोरड्या पडलेल्या नळीला कोणी तोंड लावून एकदा ओढलं, आणि पाणी धो धो सुरू!

माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न सुटेपर्यंतच फोन येणार होता.

(मोहनाचा शेरा : आता बरोबर.)

साहित्य

शंका. मिळतील तेवढ्या.

"बाबा, आता अडचण काय आहे?"

"माकडं."

"आपल्याकडे माकडं कुठे आहेत?"

"मकरपुऱ्याकडून येतील. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो!"

दुसऱ्या दिवशी ती माकडांची सगळी माहिती काढून तयार. पॅनल उन्हात इतके तापतात की माकडं त्यावर बसत नाहीत. बारा मिनिटं बोलली! मी म्हटलं, मग गारा?

"बडोद्यात गारा, बाबा?"

"हवामान बदलतंय, नीरजा."

गारा दोन दिवस पुरल्या. मग मी वाळवण काढलं. "तुझ्या आईने पापड कुठे वाळवायचे? तिचा जीव आहे त्या धाब्यावर!"

आतून मोहना ओरडली, "पापड मी लहरीपुऱ्यातून विकत आणते!"

मी मोबाइलवर हात दाबला. तरी ऐकू गेलंच. नीरजा खदाखदा हसली. तिचं ते हसणं आमच्या स्वयंपाकघरात किती दिवसांनी आलं होतं! मोहना पोळी तव्यावर टाकून तशीच उभी राहिली. पोळी करपली. आम्ही दोघांनी ती वाटून खाल्ली.

तिकडून नीरजाने इथल्या एका सोलर कंपनीचे केयूरभाई पाठवले. भला माणूस! त्यांनी धाबं मोजलं, सावल्या मोजल्या, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या शंकेसाठी परत आले, परत चहा प्यायला. महिनाभरात तर ते दारात चपला काढून थेट स्वयंपाकघराकडे वळायला लागले. "मासी, आजे चा मां आदु वधारे नाखजो!" घसा धरला होता म्हणे, आलं जास्त हवं. मोहनाला जावयाच्या चहात साखर किती ते आठवत नाही, पण केयूरभाईंचं आलं पाठ झालं!

केयूरभाई मला समजावायचे, "काका, सूर्यनारायण तो रोज मफतमां आवे छे. तमे खाली हा पाडो ने!"

मी 'हा' पाडत नव्हतो, म्हणजे होकार देत नव्हतो.

आकृती १ : आमचं धाबं, वरून. (इथे आकृती होती. त्या कागदावर मोहनाने शेंगदाण्याची सालं काढली.)

शेवटी मी हुकमी शंका काढली. आकृती असती तर तुम्हाला दिसली असती : फत्तेसिंहरावांची पाण्याची टाकी! फत्तेसिंहरावांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यामुळे त्यांनी टाकीसुद्धा बुरुजासारखी उंच लोखंडी चौथऱ्यावर चढवली आहे. तिची सावली दुपारी बरोबर आमच्या धाब्यावर.

"टाकी हलल्याशिवाय सोलर परवडणार नाही," मी नीरजाला गंभीरपणे सांगितलं. "आणि फत्तेसिंहराव टाकी हलवणार नाहीत. जन्मात नाहीत!"

उन्हाळ्यापर्यंतची सोय झाली, असं म्हणून मी त्या दिवशी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी ठाकठूक. बघतो तर टाकी दोरांनी बांधून चार माणसं ती चौथऱ्यासकट धाब्याच्या दुसऱ्या टोकाला नेतायत! फत्तेसिंहराव खाली उभे, छाती पुढे काढून.

"अहो, हे काय?"

"नीरजाचा फोन आला होता, मास्तर! सात समुद्रांपलीकडून पोरगी म्हणते, काका, तेवढी टाकी सरकवा. नाही म्हणू?"

"तुम्हाला फोन आला? किती वेळ बोलली?"

"अर्धा तास तरी!"

अर्धा तास! मला माकडांवर बारा मिनिटं मिळाली होती!

"आमच्या अंगणातला पेरू आठवतो तिला," ते म्हणाले. "छान बोलते हो पोर." आणि टाकीकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा रणवीर टोरांटोला असतो. त्याच्याबद्दल ते सहसा काही सांगत नाहीत.

त्याच दुपारी माझा फोन वाजला. "बाबा, आता काही अडचण उरली नाही. मी पैसे भरून टाकलेत. गुरुवारी केयूरभाई बसवायला येतील."

"अगं, पण परवडेल का ते..."

"ठरलं, बाबा!"

कृती

गुरुवारी पॅनल बसले. एका दिवसात! ज्या प्रश्नावर मी दोन महिने काढले, तो केयूरभाईंच्या माणसांनी पाने आणि स्क्रू घेऊन संध्याकाळपर्यंत संपवला. जाताना केयूरभाईंनी नीरजाच्या मोबाइलवर ॲप चालू करून दिलं. धाब्यावर किती वीज तयार होते त्याची पिवळी रेघ, घरात किती जळते त्याची निळी रेघ. सगळं तिला तिकडे दिसणार.

"वा!" मी मोहनाला म्हटलं. "आता तर बोलायला रोज विषय!"

पहिला आठवडा फोन नाही.

दुसरा आठवडा फोन नाही. गुलाबाचं फूल मात्र वेळेवर.

धाब्यावर पॅनल झकास चालले होते. मीटर उलटा धावत होता. आणि घरात इतकी शांतता, की फ्रिज बंद झाला की दोघंही दचकून वर बघायचो. मोहना दुपारी मोबाइल पुसून पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवायची. का, ते मी विचारलं नाही. केयूरभाईही येईनासे झाले. मोहनाने एकदा सवयीने चहाला तीन कप पाणी ठेवलं. तिसरा कप मी प्यायलो. त्यात आलं होतं!

निरीक्षण

संक्रांतीचं उत्तरायण होऊन गेलं होतं, पण फाटके पतंग अजून झाडांवर, तारांवर लटकत होते. त्यातलाच एक मोठा लाल पतंग वाऱ्याने येऊन आमच्या पॅनलवर आडवा झाला. मला पत्ताच नाही. मी जेवत होतो.

फोन!

"बाबा! धाब्यावर काही पडलंय का? पिवळी रेघ एकदम घसरलीय!"

मी वर धावलो. पतंग! एका पॅनलवर सावली पडली की त्या रांगेतले सगळेच मंदावतात, हे केयूरभाईंनी सांगितलं होतं.

"पतंग आहे गं. लाल. शेपटीवाला."

"लाल?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मला एकदा लाल आणला होता, आठवतो? मी हट्ट केला, कापला जाऊ नये म्हणून उडवायचाच नाही. कपाटावर ठेवला होता कितीतरी दिवस."

"शेवटी पालीने फाडला."

"पालीने नाही, आईने! झाडू मारताना."

"मी नाही!" मोहना जिन्यातूनच ओरडली. आणि मग मोबाइल तिच्या हातात गेला, आणि मग उंधियू, आणि मग मांजाने कापलेलं माझं बोट, आणि ब्रिस्बेनच्या आकाशात एकही पतंग नसतो ते. बस थांब्यावर पोचली तरी ती बोलत होती. आम्ही दोघं धाब्यावर एका कानाला एक मोबाइल लावून, डोक्याला डोकं चिकटवून उभे. भर उन्हात!

"बरं, पतंग काढा बाबा. मग रेघ ठीक होईल."

काढला. रेघ ठीक झाली. फोन थांबला.

निरीक्षण मी शाळेत लिहायचो तसं एका वाक्यात लिहितो : पतंग काढायला नको होता.

कृती (पुन्हा)

पतंग परत ठेवला. वाऱ्याने उडून गेला. त्यावर विटा ठेवाव्यात तर काच फुटेल. मग मोहनाची धुतलेली साडी पसरली. पण पॅनल असे तापलेले, की इस्त्रीखाली घातल्यासारखी ती बघता बघता वाळली आणि भिरभिरत फत्तेसिंहरावांच्या टाकीला जाऊन गुंडाळली. त्यांनी ती घडी करून परत आणली. टाकीकडे मात्र त्या दिवसापासून जरा लाजून बघायला लागले.

मग गोधडी.

नीरजाची गोधडी. मोहनाने शिवलेली, आपल्या जुन्या साड्यांची, मधोमध नीरजाच्या शाळेच्या निळ्या ट्युनिकचा तुकडा, खिशासकट. जाताना विमानात वजन जास्त होत होतं म्हणून ती इथेच राहिली. आमच्या घरात वजनाने जास्त झालेलं सगळं इथेच राहिलेलं आहे.

गोधडी जड. वाऱ्याला दाद देत नाही. आणि कोणी विचारलंच तर गोधडीला ऊन दाखवतोय, त्यात काय! दोन पॅनलवर पसरली आणि खाली येऊन हात धुतोय तोच...

"बाबा, परत घसरली रेघ!"

"असं का? बघतो हं. तू जेवलीस का?"

चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी जिन्यात मोहनाने मला गोधडीसकट पकडलं.

"कुठे नेताय?"

"ऊन दाखवायला."

"रोज?"

ती गोधडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अर्धी दुमडून टाका. पातळ पडते. काल तिने एवढ्यातच फोन ठेवला." आणि मग हळूच, "आज आधी मी बोलणार."

(मोहनाचा शेरा : हे लिहायची गरज नव्हती.)

दक्षता

प्रयोग करताना एक दक्षता घ्यायची असते, जी मी घेतली नाही. आपल्या प्रयोगाचा आणखी कोणावर परिणाम होतोय का, हे बघायचं असतं!

नीरजाने कंपनीला तक्रार केली. केयूरभाई धावत आले, सकाळी. पॅनल चकचकीत धुतले. दुपारी गोधडी. रेघ घसरली. त्यांनी वायर बदलल्या. दुपारी गोधडी. त्यांनी कबुतरांवर संशय घेऊन जाळी लावली. जाळीच्या खालून गोधडी सरकवायला मला जास्त वेळ लागला, पण जमलं. त्यांनी वीज फिरवणारं ते भिंतीवरचं यंत्र, इन्व्हर्टर, काढून नवंकोरं लावलं. कंपनीने त्यांना काय काय ऐकवलं, देव जाणे. बिचाऱ्यांचा चहाही कडू व्हायला लागला. "मासी, मने रातना ऊंघ नथी आवती!" झोप उडाली त्यांची!

मला वाईट वाटत होतं. रोज ठरवायचो, उद्या नाही. मग दुपार व्हायची. मोहना मोबाइल पुसून डब्याशेजारी ठेवायची. आणि म्हणायची, "आज नाही टाकली?"

आणि फत्तेसिंहराव! एके सकाळी परत दोर, परत चार माणसं. टाकी आणखी दूर, अगदी कठड्याला टेकून.

"अहो, तुमच्या टाकीचा काही दोष नाही!" मी कळवळून म्हणालो.

"नाही मास्तर. तुमची रेघ घसरते म्हणे. आमच्यामुळे एखाद्याच्या घरात अंधार नको!"

मी तोंड फिरवलं. त्या दिवशी खरंच गोधडी टाकणार नव्हतो. पण शुक्रवार होता. शनिवार-रविवार तिला सुट्टी, म्हणजे बस नाही, म्हणजे फोन नाही. म्हणून टाकली.

वरणभात कालवत होतो. जिन्यावर चपलांचा आवाज. एक केयूरभाईंच्या, एक फत्तेसिंहरावांच्या, आणि त्यांच्यामधून येणारा, अगदी ओळखीचा, तिसरा आवाज :

"केयूरभाई, बाबांना सांगू नका. थेट वर जा आणि मोबाइल पॅनलसमोर धरा. मला स्वतःला बघायचंय."

व्हिडिओ कॉल!

मी तसाच वरणभाताच्या हाताने उठलो. जिन्याच्या तीन पायऱ्या एकदम! वयाच्या मानाने माझा तो विक्रम असावा. पण वर पोचलो तेव्हा केयूरभाई पॅनलसमोर उभे होते, पुतळ्यासारखे, हातात मोबाइल.

"बेन..." त्यांचा आवाज चिरकला. "बेन, अहीं तो कोईए गोदडी नाखी छे!"

मोबाइलमध्ये नीरजाचा चेहरा. बसमधला. मागे खिडकी, खिडकीत तिकडचं उतरतं ऊन. तिने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "केयूरभाई, जरा जवळ घ्या ना."

त्यांनी घेतला.

"अजून जवळ. तिथे. तो खिसा."

निळा खिसा. उन्हाने फिक्का झालेला. तिने कधी काळी शाईचं पेन उलटं ठेवलं होतं त्याचा डाग.

"बाबा?"

"ऊन," मी म्हणालो. "ऊन दाखवत होतो."

"रोज?"

"जाड आहे ती. एका दिवसात नाही पोचत आतपर्यंत."

"मास्तर!" फत्तेसिंहराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोरून साडी, टाकी, दोर, चार माणसं सगळं एकदम गेलेलं मला दिसलं. "मास्तर, मी टाकी दोनदा हलवली!"

"में इन्व्हर्टर बदली नाख्युं!" केयूरभाई जवळजवळ रडत होते.

तेवढ्यात धापा टाकत मोहना आली. तिने मोबाइलसमोर तोंड नेलं आणि एका दमात म्हणाली, "नीरजा, त्यांना काही बोलू नकोस. मंगळवारी मी टाकली होती. बुधवारी पण!"

मोबाइलमधून फक्त बसचा घूंऽऽ आवाज.

"पण आई, बोलायचं होतं तर फोन करायचा ना सरळ!"

"तू विचारतेस, काही अर्जंट?" मी म्हणालो. "अर्जंट काहीच नसतं गं आमच्याकडे."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "मला वाटायचं, आपण रोज भेटतो."

"कुठे?"

"ॲपवर. माझ्या टेबलावर दिवसभर उघडं असतं. तुमच्या घराची निळी रेघ. सकाळी एकदम उंच उडी घेते, तो आईचा गीझर. मग बारीक बारीक दात, तो मिक्सर, चटणीचा. दुपारी सपाट, म्हणजे तुम्ही दोघं झोपलात. संध्याकाळी टीव्ही. परवा सकाळी गीझर उशिरा लागला तेव्हा मी पाणी प्यायला उठले नाही, रेघेकडे बघत बसले. मग लागला. म्हटलं, उठले. बरे आहेत. मग फोन करून विचारू तरी काय? सगळं दिसतच होतं मला."

मोहनाने पदराने मोबाइलची काच पुसली, जशी रोज पुसते.

"आणि आम्हाला काय दिसत होतं?" ती म्हणाली. "गुलाबाचं फूल?"

नीरजा हसायला लागली. मग ते हसणं राहिलं नाही. तिच्या शेजारची बाई तिला कागदी रुमाल देताना दिसली. माझ्या बोटांवर वरणभात वाळत होता. गोधडीवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाची कोणी वीज करत नव्हतं.

"बेन," केयूरभाई खूप वेळाने म्हणाले, "हाथ दुखे छे. बेसी जाउं?"

अनुमान (पुन्हा)

गोधडी घडी करून कपाटात गेली. केयूरभाईंना मोहनाने आठवडाभर आल्याचा चहा आणि सुतरफेणी देऊन शांत केलं. नीरजाने काय केलं, तर तिच्या घराचं ॲप आमच्या मोबाइलवर घातलं. आता आमच्याकडेही तिची निळी रेघ आहे!

त्यामुळे प्रश्न सुटला असेल, असं तुम्हाला वाटेल. मोहना दुपारभर ती रेघ घेऊन बसते. "बघा, बघा, आत्ता ओव्हन लावला! आत्ता? म्हणजे अजून जेवलेली नाही!" आणि लगेच फोन. "मीटिंग असू दे, आधी खाऊन घे!" हे अर्जंट असल्यामुळे नीरजालाही उचलावा लागतो.

आणि आम्हीही एक पद्धत काढली आहे. रोज बारा वाजता मी गीझर लावतो. पाणी कोणाला नको असतं. रेघ उंच उडते, नीरजाला तिकडे दिसते : बाबांनी हात केला. मग मोहना इस्त्री लावते : आईनेही केला. मग ती घरी पोचली की उत्तर म्हणून ब्रिस्बेनला मिक्सर वाजतो, सुट्टीच्या दिवशी तर दोन-दोनदा. कधी तिने पाहिलं नसेल अशी शंका येते, म्हणून मी गीझर आणखी थोडा वेळ चालू ठेवतो. लांबून हात करायचा तर जरा वेळ हलवावा लागतो.

काल बिल आलं. सोलर बसवण्याआधी यायचं त्यापेक्षा जास्त!

फत्तेसिंहराव भिंतीपलीकडे उभेच होते. "मास्तर, बोला. एका शब्दात. परवडतं का?"

मी बिल त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. आणि टाकीकडे बघत, मिशीला हात लावत, "मला वेगळंच विचारायचं होतं. ते ॲप... टोरांटोला चालतं का?"

आज सकाळपासून शेजारी ठाकठूक चालू आहे. टाकी तिसऱ्यांदा हलतेय. या वेळी त्यांच्या स्वतःच्या पॅनलसाठी.

तेव्हा मी आता वर सोडलेल्या रिकाम्या जागेत तो शब्द लिहून प्रयोग पूर्ण करतो. घराला सोलर

(मोहनाचा शेरा : काही लिहू नका! नीरजाला आत्ताच सांगितलंय, पॅनलला बॅटरी जोडायचं मनात आहे, पण परवडेल की नाही, बाबांचं अजून ठरत नाहीये. उद्या फोन करते म्हणाली.)